पदवी विद्यापीठाची, सनद गावाची

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न असतो : पुढे काय? पूर्वी या प्रश्नाला डॉक्टर आणि इंजिनिअर अशी दोनच उत्तरं होती. अलीकडच्या वर्षांत त्यात वकिलीची भर पडली. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आला, त्याच्या प्रवेश परीक्षा आल्या आणि तालुक्याच्या गावातली मुलंमुलीही काळ्या कोटाची स्वप्नं पाहू लागली. त्या स्वप्नाच्या पोटात आणखी एक स्वप्न असतं. परदेशात जाऊन वकिली करण्याचं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला बाहेरगावची माणसं सतत येत असतात. कोणी पाण्याचं काम पाहायला येतं, कोणी शाळा पाहायला. असाच एकदा तिथं गेलो असताना पाहुण्यांच्या एका गटातल्या शेतकऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, ‘‘भाई, तुम्ही लिहिणारे लोक. एक विचारतो. पोरगी एलएल.बी. झाली. आता वर्षभरासाठी विलायतेला जाते म्हणते. तिथली पदवी घेतली म्हणजे तिथं वकिली करता येती ना? दोन एकर गहाण टाकायची तयारी आहे आपली.’’

मी वकील नाही. बी.ए. शिकलेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण दोन एकरांचा प्रश्न होता, त्यामुळे वरवरचं उत्तर देऊन चालणार नव्हतं. त्या गृहस्थांना मी थोडक्यात जे सांगितलं, ते आज जरा सविस्तर सांगतो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

उत्तराची सुरुवात दोन शब्दांपासून करू. आपल्या कोर्टकचेरीची भाषा ऐका. दावा, फिर्याद, कैफियत, जामीन, तारीख, मुखत्यार. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच होऊन गेले. त्यांतला ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर आपण आपलं काम सोपवलं तो. आमच्याकडे निकाहाच्या वेळी नवरीची संमती विचारून ती काझींपुढे सांगणाऱ्यालाही वकीलच म्हणतात. तो माहितीतला, भरवशाचा माणूस असतो आणि त्याच्यासोबत दोन साक्षीदार असतात. दुसरा शब्द ‘सनद’. अरबीत त्याचा मूळ अर्थ आधार, टेकू. हदीसच्या अभ्यासात एखादं वचन कोणाकडून कोणाकडे आलं, त्या माणसांच्या साखळीलाही सनदच म्हणतात. पदवी सांगते की या माणसाला अमुक इतकं येतं. सनद त्यापुढे जाते. ती सांगते की या माणसावर तुमचं काम खुशाल सोपवा, त्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे.

पदवी विद्यापीठ देतं. सनद देणारा वेगळा असतो, आणि तो नेहमी कुठल्या तरी एका जागेचा असतो. परदेशातल्या वकिलीचा सगळा गुंता या दोन वाक्यांत आहे.

तो उलगडण्यासाठी हिवरे बाजारपासून लांब जायची गरज नाही. हे कमी पावसाचं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या काळात ग्रामसभेनं स्वतःसाठी काही नियम केले. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. ऊस, केळी अशी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. पाऊस किती पडला, पाणी किती मुरलं, याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. आता समजा, जगातला एखादा निष्णात भूजलतज्ज्ञ उद्या या गावात आला. खडकाखाली पाणी कुठं आहे हे तो गावकऱ्यांपेक्षा लवकर सांगेल. पण ते पाणी कोणी, किती आणि कशासाठी उपसायचं, हे त्याला इथला ठराव वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. पाण्याचा गुणधर्म जगभर एकच आहे. पाण्याचा हक्क मात्र शीव ओलांडली की बदलतो.

कायदा हा असा शिवेच्या आतला विषय आहे. डॉक्टरलाही परदेशात परीक्षा द्याव्या लागतात, पण नगरच्या माणसाचं काळीज आणि लंडनच्या माणसाचं काळीज एकाच बाजूला असतं. वकिलाचं तसं नाही. वारसा, लग्न, भाडेकरू, जमीन, जामीन, या प्रत्येक गोष्टीत एका देशात खरं असलेलं दुसऱ्या देशात खोटं ठरू शकतं.

देशाबाहेर कशाला, आपल्या शेजारच्या गोव्यात पाहा. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे. मुंबईतून मिळालेली सनद पणजीतही चालते. पण गोव्यातले लग्न आणि संपत्तीचे नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतले. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी होतात. सोलापूरच्या वकिलाला हे नव्यानंच शिकावं लागतं. एका सनदेच्या छपराखाली ही स्थिती, तर समुद्रापलीकडे काय असेल!

आता थोडा इतिहास, कारण मराठी मुलखाला या प्रश्नाची ओळख दीडशे वर्षांची आहे. फक्त तेव्हा तो उलट्या बाजूनं होता. पदवी विलायतेची आणि वकिली इथली.

मुंबईचं हायकोर्ट १८६२ मध्ये सुरू झालं. त्याच्या मूळ शाखेत, म्हणजे मुंबई शहरातले मोठे दावे जिथं थेट दाखल होत तिथं, बॅरिस्टरांचा मान मोठा होता. आणि बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या चार ‘इन्स’पैकी एकीत नाव घालावं लागे : लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. तिथं परीक्षा होत्या, पण परीक्षेइतकंच महत्त्व ठरावीक जेवणांना होतं. सत्रामागून सत्र तिथल्या भोजनगृहात ज्येष्ठांच्या पंगतीला हजेरी लावायची. आज आपल्याला याचं हसू येतं. पण त्यामागचा विचार सनदेचाच होता. चार वर्षं डोळ्यांसमोर उठला-बसला, जेवला, बोलला, तर माणूस ओळखीचा होतो.

मुंबईचे बद्रुद्दीन तैयबजी १८६७ मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात उभे राहिले. तिथले ते पहिले भारतीय बॅरिस्टर. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे त्याआधीच इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले होते. हा योगायोग महत्त्वाचा होता, कारण मूळ शाखेतल्या बॅरिस्टरला अशिलाकडून थेट काम मिळत नसे, ते सॉलिसिटरच्या हातून यावं लागे. बद्रुद्दीन १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती तैयबजी ते हेच.

पण पदवी आली म्हणजे काम आलंच, असं त्या काळातही नव्हतं. मोहनदास गांधी जून १८९१ मध्ये इनर टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि मुंबईला आले. त्यांनीच पुढे आत्मकथेत लिहून ठेवलं आहे की रोमन कायदा शिकलो, इंग्लंडचा कायदा शिकलो, पण हिंदू आणि मुसलमानी कायद्याचा गंध नव्हता आणि साधा दावा कसा लिहायचा हेही येत नव्हतं. मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच प्रकरणात उलटतपासणीला उठले आणि शब्द फुटेना. फी परत करून ते बाहेर पडले. बुद्धी कमी होती असं कोण म्हणेल? शिक्षण एका गावचं आणि कोर्ट दुसऱ्या गावचं, एवढाच तो प्रकार होता.

हेच गांधी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात सनदेसाठी गेले, तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. तिथल्या वकिलांच्या संघटनेनं विरोध केला. मुख्य हरकत अशी की हे नियम केले तेव्हा गोरा नसलेला माणूस अर्ज करील, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. न्यायालयानं ती हरकत फेटाळली. कायदा गोरा-काळा भेद करत नाही, असं म्हणून त्यांना सनद दिली.

इथं आपण जरा थांबलं पाहिजे. दारावरच्या पहारेकऱ्यानं ‘आमचा कायदा तुला येतो का?’ असं विचारणं रास्त आहे. ‘तू कोणाच्या पोटी आलास?’ हे विचारायचा त्याला अधिकार नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा दुसरा प्रश्न सर्रास विचारला जात होता. आपल्याच मातीतली तीन उदाहरणं सांगतो.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तिथली बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसे. ती हाती पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ही केली. पण इथंही सनदेचं दार बंद होतं. मग पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची सरकारी सल्लागार म्हणून बंगालमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्यानं आणि भारतात १९२३ च्या कायद्यानं स्त्रियांना वकिली खुली झाली. बाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेलं होतं.

विनायक दामोदर सावरकर ग्रेज इनमध्ये शिकले, परीक्षा उत्तीर्ण झाले. पण १९०९ मध्ये त्यांच्या राजकारणामुळे ग्रेज इननं त्यांना बॅरिस्टर म्हणून पुकारलं नाही. परीक्षेत पास आणि सनदेत नापास, असा हा प्रकार. दिलेली सनद काढूनही घेता येते. गांधींचं नाव इनर टेंपलनं १९२२ मध्ये आपल्या यादीतून खोडलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १९८८ मध्ये, पुन्हा लावलं.

तिसरं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि दोन एकर गहाण टाकायला निघालेल्या प्रत्येक घरानं ते नीट समजून घ्यावं असं. १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. एवढं करून काय झालं? मूळ शाखेतलं काम सॉलिसिटरच्या हातात, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे काम पाठवायला सॉलिसिटर तयार नव्हते. मग अपिलाच्या शाखेत आणि जिल्ह्याच्या कोर्टांत मिळतील ती प्रकरणं त्यांनी चालवली. संसारासाठी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पदवी होती, सनद होती, तरी तिसरं दार उरलंच होतं. ते म्हणजे काम देणाऱ्यांचं.

स्वातंत्र्यानंतर आपण आपलं घर नव्यानं लावलं. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला. बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे जुने दर्जे मोडून देशभर ‘ॲडव्होकेट’ हा एकच वर्ग ठेवला. ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत बॅरिस्टर झालेल्यांना त्याच आधारावर सनद मिळू शकत असे. त्या तारखेनंतर ‘मी बॅरिस्टर आहे’ एवढं म्हणणं पुरेसं राहिलं नाही. नावामागे ‘बॅ.’ लावणारी बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले यांची पिढी आपण पाहिली किंवा ऐकली. ती दोन अक्षरं हळूहळू नाहीशी का झाली, त्याचं एक मोठं कारण या तारखेत आहे.

आता आजची स्थिती पाहू. आधी परदेशी पदवी घेऊन घरी येणाऱ्यांची.

भारतात कोर्टात उभं राहायचं तर राज्याच्या बार कौन्सिलची सनद हवी, आणि सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेली कायद्याची पहिली पदवी हवी. परदेशी एलएल.बी. मान्य होऊ शकते, पण इथलं माप असं आहे : पदवीनंतरचं कायद्याचं शिक्षण किमान तीन वर्षांचं किंवा बारावीनंतरचं सलग पाच वर्षांचं. बारावीनंतर लगेच इंग्लंडला जाऊन तीन वर्षांत एलएल.बी. करून आलेला मुलगा या मापात थेट बसत नाही. त्याला पुरवणी अभ्यासक्रमाच्या अटीला तोंड द्यावं लागतं. विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. शिवाय बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा असते. तिच्यात राज्यघटना, दिवाणी आणि फौजदारी कामकाजाची पद्धत, करार, कंपनी कायदा, वकिलाचे नीतिनियम असे इथले विषय येतात. म्हणजे गांधींची जी अडचण स्मॉल कॉजेस कोर्टात उघडी पडली, ती आता दारातच तपासली जाते. ही परीक्षा झाल्यावर सनद आणि देशभरातल्या नव्या वकिलांची असते ती अखिल भारतीय बार परीक्षा.

याउलट ज्यानं एलएल.बी. इथं केली, सनद इथं घेतली आणि मग एलएल.एम.साठी परदेशी गेला, त्याची इथली सनद कुठं जात नाही. परत आला की तो पूर्वीसारखाच वकील. फरक एवढाच की पहिली पदवी कुठली आणि दुसरी कुठली. पण या एवढ्याशा फरकात काही लाख रुपये आणि दोन-तीन वर्षं दडलेली असतात. सनदेच्या नोंदणीची फी राज्याराज्यांत भरमसाट वाढली होती, तिलाही सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये लगाम घातला. कायद्यात लिहिलेली साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एकशे पंचवीस, यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं. घरच्या दाराची किंमत ही एवढी आहे.

आता उलट दिशा. इथली पदवी घेऊन बाहेर जाणाऱ्यांची.

इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आपण, यांच्या कायद्याचं कूळ मोठ्या प्रमाणात एक आहे. न्यायाधीशांच्या जुन्या निकालांवर पुढचा कायदा उभा राहतो, ती ही इंग्रजी परंपरा. त्यामुळे भारतीय पदवीला तिथं निदान ओळख मिळते. फ्रान्स-जर्मनीत कूळही वेगळं आणि भाषाही वेगळी, त्यामुळे तिथली वाट जास्त चढणीची. पण ओळखीच्या घरातही थेट माजघरात जाता येत नाही.

इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘एसक्यूई’ नावाची परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, दोन्ही मिळून ३६० पर्यायी प्रश्न, सगळे तिथल्या कायद्यावर. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष काम : अशिलाशी बोलणं, बाजू मांडणं, मसुदा लिहिणं. याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. मात्र जो आधीच आपल्या देशात सनद घेतलेला वकील आहे, त्याला या अनुभवाच्या अटीतून सूट आहे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तिथली एक वर्षाची एलएल.एम. पदवी या परीक्षेची जागा घेत नाही. ती पदवी नसली तरी परीक्षा देता येते, आणि ती असली तरी परीक्षा चुकत नाही. बॅरिस्टरची वाट यापेक्षा निराळी. तिथं त्याच चार इन्सपैकी एकीचं सदस्यत्व लागतं आणि प्रशिक्षणानंतर एखाद्या अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारी मिळवावी लागते. या उमेदवारीच्या जागा थोड्या आणि मागणारे फार.

अमेरिकेत तर पन्नास राज्यांची पन्नास दारं. ‘अमेरिकेचा वकील’ असा कोणी नसतोच, न्यूयॉर्कचा वकील असतो, टेक्ससचा असतो. न्यूयॉर्कचा नियम असा की परदेशी पदवी तिथल्या पदवीच्या मुदतीची हवी आणि इंग्रजी परंपरेच्या कायद्यातली हवी. या दोन्ही गोष्टी भरल्या तर बार परीक्षेला बसण्याची परवानगी मिळू शकते. दोन्हींपैकी एक कमी पडली तर मान्यताप्राप्त अमेरिकन लॉ स्कूलची ठरावीक विषयांची एलएल.एम. करून ती उणीव भरता येते. म्हणजे इथं एलएल.एम. काही जणांना परीक्षेच्या दारापर्यंत नेते, आत सोडत नाही. पुढे दोन दिवसांची परीक्षा, व्यवसाय-नीतीची वेगळी परीक्षा आणि पन्नास तासांची मोफत कायदेसेवा हे असतंच. कॅलिफोर्निया सनदधारक परदेशी वकिलांना एलएल.एम.शिवायही परीक्षेला बसू देते. पण न्यूयॉर्कची सनद शेजारच्या न्यू जर्सीत आपोआप चालत नाही.

कॅनडात एक राष्ट्रीय समिती तुमची पदवी तपासून सांगते की आमच्या कायद्याचे अमुक विषय तुम्हाला द्यावे लागतील. ते दिल्यावर ज्या प्रांतात राहायचं तिथली परीक्षा आणि उमेदवारी. क्युबेक प्रांताचं पुन्हा वेगळं, कारण तिथं फ्रेंच परंपरेचा कायदा.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. कुठलाच देश म्हणत नाही की आमच्या विद्यापीठाची फी भरली, आता आमच्या कोर्टात या. विद्यापीठ शिकवायला मोकळं आहे आणि त्याला विद्यार्थी हवेच असतात. जाहिरातीत हिरवळ असते, जुन्या दगडी इमारती असतात, हसणारी मुलं असतात. त्या जाहिरातीत सनदेबद्दल एक ओळही नसली तरी तिला खोटं म्हणता येत नाही, कारण सनद देणं हे विद्यापीठाचं कामच नाही. आपणच दोन गोष्टी एक समजून बसतो.

हिवरे बाजारला भेटलेल्या त्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो की पोरीला सनद आहे ना, मग तिच्या हातात तुमच्या दोन एकरांपेक्षा मोलाची गोष्ट आधीच आहे. तिला आधी विचारा की उभं कुठल्या कोर्टात राहायचंय. उत्तर ‘नगरच्या’ किंवा ‘मुंबईच्या’ असेल तर विलायतेची पदवी हा दागिना आहे, ऐपत असेल तर करावा. उत्तर ‘लंडनच्या’ असेल तर पैसा आधी तिथल्या परीक्षेसाठी राखून ठेवावा.

याचा अर्थ परदेशी शिक्षण फुकट जातं, असा कोणी घेऊ नये. दोन देशांतल्या कंपन्यांचे करार, जहाजांचे तंटे, लवादाची कामं, मानवी हक्क, करांचे प्रश्न, या क्षेत्रांत बाहेरचं शिकलेल्या माणसाला किंमत आहे. शिकवण्याच्या क्षेत्रात आहे. आणि चार देशांचे कायदे पाहिलेल्या माणसाला आपल्या कायद्यातलं बरं-वाईट जास्त नीट दिसतं, हा फायदा तर पैशात मोजता येणारा नाही. बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा हाताळला तेव्हा कोलंबिया, लंडन आणि ग्रेज इन ही सगळी शिदोरी त्यांच्या पाठीशी होती. सॉलिसिटरांनी काम दिलं नाही म्हणून ती वाया गेली नाही.

आपल्याकडच्या पहारेकऱ्यांनीही अलीकडे आपलं दार थोडं किलकिलं केलं आहे. परदेशी वकिलांनी इथं काम करावं का, हा वाद अनेक वर्षं कोर्टांत चालला. २००९ मध्ये मुंबई हायकोर्टानं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की इथली सनद नसलेल्याला इथं वकिली करता येणार नाही. कोर्टातलीही नाही आणि कोर्टाबाहेरची, सल्ला देण्याचीही नाही. अधूनमधून येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देऊन जाण्याइतकीच मोकळीक ठेवली. मग मार्च २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं नियम केले आणि मे २०२५ मध्ये ते सुधारले. नोंदणी करून परदेशी वकिलांना त्यांच्या देशाच्या आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावर सल्ला देता येईल, लवादात भाग घेता येईल, पण आपल्या कोर्टात उभं राहता येणार नाही. तेही परस्पर तत्त्वावर : तुम्ही आमच्यांना येऊ द्या, आम्ही तुमच्यांना येऊ देऊ. गावकीच्या व्यवहारापेक्षा हे फार वेगळं नाही.

तेव्हा ज्या घरात या स्वप्नाची चर्चा चालू असेल, त्यांनी प्रश्नांचा क्रम बदलावा. ‘कुठलं विद्यापीठ चांगलं?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. पहिला प्रश्न, उभं कुठं राहायचं? दुसरा, तिथली सनद कोण देतं आणि आज काय मागतं? हे नियम बदलत असतात, म्हणून ते सनद देणाऱ्या संस्थेच्याच माहितीपत्रकात वाचावेत, प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटच्या तोंडून ऐकू नयेत. तिसरा, सनद मिळाल्यावर काम कोण देणार, आणि तोवर राहण्याचा व्हिसा किती दिवसांचा? चौथा, हे काही जमलं नाही तर परत येऊन इथं उभं राहता येईल ना? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कर्जाची जोखीम पेलवण्यासारखी असते. ते ‘नाही’ असेल, तर सातबारा बँकेत नेण्याआधी एक रात्र आणखी विचार करावा.

आणि जी मुलं-मुली या सगळ्या परीक्षा ओलांडून परक्या कोर्टात उभी राहतील, त्यांनी मागे वळून कधीतरी कॉर्नेलियाबाईंची तीस वर्षं आठवावीत. त्यांच्या वाट्याला बंद दार आलं होतं. आजच्या मुलांच्या वाट्याला अवघड परीक्षा आली आहे. अवघड परीक्षेचा अभ्यास तरी करता येतो.